परिचारिकांची शिक्षिका होताना
नर्सिंग कॉलेजात प्राध्यापिका म्हणून शिकवायचं तर बी.एस्सी.नंतर दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग करावं लागतं. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं. प्रवेशाला पदवीत ५५ टक्के गुण हवेत आणि किमान एक वर्षाचा कामाचा अनुभवही. ही अनुभवाची अट मला फार मोलाची वाटते. रात्रपाळीत घाबरलेल्या रुग्णाचा हात धरलेली बाईच विद्यार्थिनीला सलाईन लावायला धीरानं शिकवू शकते. बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूतिशास्त्र अशा शाखांतून एक निवडायची, प्रबंध सगळ्यांनाच. पहिल्या वर्षी ‘नर्सिंग शिक्षण’ हा स्वतंत्र विषय असतो: पाठ कसा आखायचा, आणि वॉर्डात रुग्णाला त्रास न होऊ देता विद्यार्थिनीचं कौशल्य कसं तपासायचं. अवघड आहे ते हे दुसरं.