डोळ्याचं मशीन चित्रावर, दुर्बीण गुहेत!

डोळ्यांच्या दवाखान्यात हनुवटी टेकवून 'समोरच्या खुणेकडे बघा' म्हणतात, त्या मशीनांपैकी एक म्हणजे ओसीटी. डोळ्याला हात न लावता आतल्या पडद्याचे थर दाखवणारं हे तंत्र १९९१ चं. पण ते जुन्या तैलचित्रांवरही चालतं! वार्निश किती जाड, खाली रंगाचे अर्धपारदर्शक थर किती, हे ओरखडाही न काढता कळतं. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या प्रा. हायडा लियांग यांचं यात मोठं काम. बाई मूळच्या खगोलशास्त्रज्ञ! त्यांच्या गटाने चीनमधल्या मोगाओ गुहांत चक्क दुर्बीण लावली आणि उंचावरची भित्तिचित्रं परांची न बांधता, जमिनीवरूनच वेगवेगळ्या तरंगलांबींत टिपली. परत आलेल्या प्रकाशावरून रंगद्रव्यं ओळखता येतात. भन्नाट आहे हे!

पुढच्या वेळी ओसीटी कराल तेव्हा डॉक्टरांना स्क्रीनवरचे थर दाखवायला नक्की सांगा.