मेंदूतली टंचाई कर्करोगाला भोवेल?

फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग मेंदूत पोहोचला, की उपचारांची वाट झपाट्याने अरुंद होते. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं घट्ट अस्तर बरीच औषधं आत येऊ देत नाही. पण ते पोषकद्रव्यंही मोजूनमापूनच आत सोडतं. कर्करोगाला कोंडीत पकडण्याची संधी इथेच आहे.

कर्करोगाची पेशी म्हणजे बी आणि ती रुजते तो अवयव म्हणजे माती, असं लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये मांडलं. बी सगळीकडे पडतं, पण मानवेल त्याच जमिनीत उगवतं. सिरीन या अमिनो आम्लापुरती मेंदूची जमीन मुरमाड आहे. रक्ताच्या मानाने मेंदूतल्या द्रवात ते फार कमी असतं.

एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी डीएनएची नक्कल हवी. तिच्या घटकांसाठी लागणारा कार्बन सिरीन फोलेट या ‘ब’ जीवनसत्त्वामार्फत पुरवतं. फोलेटच्या याच साखळीतला दुसरा दुवा तोडणारं मेथोट्रेक्सेट कर्करोगावर कित्येक दशकं वापरात आहे.

बाहेरून सिरीन मिळेना, तर पेशी ते ग्लुकोजपासून घरीच बनवते. त्या कामाची पहिली पायरी ‘पीएचजीडीएच’ या एन्झाइमच्या हाती असते. 2020 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी हे एन्झाइम रोखलं, तेव्हा उंदरांच्या मेंदूतल्या स्तन-कर्करोगाच्या गाठींची वाढ मंदावली आणि उंदीर जास्त काळ जगले. स्निग्ध पदार्थांचंही तसंच. मेंदूत वाढणाऱ्या ‘हर-2’ प्रकारच्या स्तन-कर्करोगाला मेदाम्लं स्वतः तयार करावी लागतात, हे 2021 मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी उंदरांवरच्याच प्रयोगांत दाखवलं.

मात्र ‘पीएचजीडीएच’ हे काही कर्करोगाचं एकट्याचं हत्यार नाही. मेंदूतल्या ताराकृती पेशी याच एन्झाइमने सिरीन बनवतात आणि चेतापेशी त्यावर अवलंबून असतात. जन्मतः या एन्झाइमची मोठी उणीव असलेल्या बाळांचं डोकं लहान राहतं, त्यांना झटके येतात. म्हणून औषधाने मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर ओलांडणं पुरेसं नाही. मेंदूची स्वतःची चूल विझणार नाही, असा डोसही साधावा लागेल. गाठ किती आटली, हे स्कॅनमध्ये दिसेल. त्याइतकंच महत्त्वाचं आहे ते रुग्णाचं बोलणं, चालणं आणि घरच्यांची नावं आठवणं.