उन्हाची वीज (लेखांक ९) : चिकटलेले सुटेना

नगर रस्त्यावरच्या एका भंगाराच्या दुकानात मागच्या महिन्यात एक जुने सौर पॅनेल मोडताना पाहिले. तिथल्या पोराने छिन्नी-हातोडी घेऊन चारी बाजूंची ॲल्युमिनियमची चौकट ठोकून काढली, मागच्या काळ्या डबीतून आलेल्या दोन वायरी कापल्या. पाच मिनिटांचे काम. चौकट ॲल्युमिनियमच्या ढिगावर, वायरी तांब्याच्या पोत्यात. उरली ती निळी काच. जाळीसारखे तडे गेले होते, तरी एक तुकडा निखळत नव्हता. तसल्याच दहा-बारा काचा भिंतीला टेकवलेल्या होत्या.

“यांचं काय करता?” मी विचारले.

“याला गिऱ्हाईक नाय,” मालक म्हणाला. “काच फुटते, पण सुटत नाय.”

सगळी मेख तिथेच आहे. पॅनेल कसे बनते ते मागच्या लेखांकात आले होते : वर काच, तिच्याखाली ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा थर, मग सिलिकॉनचे सेल, पुन्हा ईव्हीए आणि पाठीला पांढरा पडदा. ही चळत १५० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून, आतली हवा ओढून दाबतात. एकदा पक्के झालेले ईव्हीए पुन्हा तापवले तरी मेणासारखे पातळ होत नाही. पंचवीस पावसाळे आत थेंब शिरू नये म्हणून केलेला हा बंदोबस्त. तो उत्तम साधला आणि मोडताना तोच आडवा येतो.

आता आत काय दडले आहे ते पाहू. साधारण २० किलोच्या पॅनेलमध्ये १४-१५ किलो नुसती काच असते. ॲल्युमिनियम दोनेक किलो, प्लास्टिकही तितकेच. सिलिकॉन किलोभरसुद्धा नाही, तांबे थोडे. आणि सेलवरच्या बारीक रेघांमध्ये चांदी, जेमतेम काही ग्रॅम. वजनाच्या हजाराव्या भागाइतकीही नाही, पण भाव तिला. सेल जोडणाऱ्या पट्ट्यांच्या डाखात शिसेही असते, म्हणून ही काच उकिरड्यावर टाकून मोकळे होता येत नाही.

युरोपने २०१२ मध्ये सौर पॅनेल ई-कचऱ्याच्या कायद्यात आणले. आज तिथे त्यातला ८० टक्के माल पुन्हा वापरात किंवा पुनर्चक्रणात गेला पाहिजे, असा दंडक आहे. ऐकायला कडक. पण हे ८० टक्के वजनाचे आहेत! चौकट आणि काच मिळूनच तेवढे भरतात. सगळे दळून काढायचे, काचेचा चुरा उष्णतारोधक लोकरीसारख्या हलक्या कामाला द्यायचा, की कागदोपत्री काम फत्ते. चांदी आणि सिलिकॉन चुऱ्यात गेले तरी विचारणारे कोणी नाही. वजनावर मोजायची ही पद्धत मला चुकीची वाटते. भंगारवालासुद्धा तांबे आणि लोखंड एका काट्यावर घालत नाही.

चिकटलेले सोडवायचे मार्ग आहेत. जपानमध्ये तापलेले पाते काच आणि सेल यांच्यामधून फिरवतात. काच अखंड सुटते. दुसरा मार्ग भट्टीचा : ५०० अंशांच्या आसपास प्लास्टिक जळून जाते, उरलेल्या सेलवरची चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून काढतात. मात्र पाठीच्या पडद्यात बहुधा फ्लोरीन असते आणि त्याचा धूर फार घातक. कोणी उघड्यावर पॅनेल जाळून चांदी काढायला निघाला, तर त्याला वेळीच अडवा. फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ रोझी ही कंपनी चांदी आणि शुद्ध सिलिकॉन परत मिळवण्याच्याच मागे लागली आहे.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचे वेगळे प्रकरण आहे. उत्पादकांनी निकामी पॅनेल २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायची आणि दरवर्षी त्यांचा हिशेब द्यायचा, असा त्याचा गाभा. साठवा म्हणणे सोपे. पण गारपिटीत फुटलेले, वाऱ्याने उडालेले किंवा माकडांनी नाचून तडकवलेले शेतातल्या पंपाचे पॅनेल उत्पादकाच्या गोदामापर्यंत नेणार कोण, आणि भाडे कोणाच्या खिशातून? तोवर जवळचा भंगारवाला चौकटीचे रोख पैसे देतो. शेतकरी त्यालाच देणार.

वाचकांना एवढेच सांगणे : छपरावरचे पॅनेल तडकले तर ते मेले असे समजू नका. ऊन पडले की फुटक्या पॅनेलमध्येही वीज तयार होते आणि जोराचा झटका बसतो. त्याला स्वतः हात लावू नका, बसवणाऱ्याला बोलवा. काढलेले पॅनेल त्याच्याकडून जाड कापडाने झाकून, उन्हापासून आडोशाला ठेवून घ्या. त्याचे बिल आणि पाठीवरच्या लेबलचा फोटो जपून ठेवा. परत घ्या म्हणून उत्पादकाकडे गेलात तर पहिल्यांदा तेच मागतील.