पांढऱ्या कणसातला पिवळा दाणा

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मक्याशी माझा संबंध बाजारभावापुरता. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या पांढऱ्या मक्याच्या कणसांत मधूनमधून पिवळे दाणे निघाले, व्यापाऱ्याने भाव पाडला आणि बाबांनी बियाणे देणाऱ्या दुकानदाराशी बोलणेच टाकले. भेसळीचे बी दिले, हा त्यांचा आरोप.

गेल्या पावसाळ्यात ग्वाल्हेरला, लष्करात मामांकडे गेलो असता हा विषय निघाला. मामांच्या घरी मक्याचा 'भुट्टा' कधीच झाला आहे. (आपल्या कन्नड विभागाचा तो गोविनजोळ.) मामेबहीण तिथल्याच राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयात शिकते. तिने एकच विचारले, "एखादे कणीस पूर्ण पिवळे होते का?" नव्हते. मग तिने कणीस सोलून समजावले.

कणसाच्या टोकाला जे केस दिसतात, त्यांतला एकेक केस एकेका दाण्याचा. तुऱ्यातला परागकण केसावर पडतो आणि त्यातून दोन नरपेशी आत उतरतात. एकीपासून अंकुर होतो. दुसरी आईच्या दोन केंद्रकांशी मिळते आणि भ्रूणपोष तयार होतो, म्हणजे आपण खातो तो पिठूळ भाग. तेथे आईचे दोन वाटे, बापाचा एक. (आमच्या भागीदारीच्या खात्यात असे वाटे नेहमीचे!) पिवळा रंग या भागातच असतो आणि त्याचे जनुक प्रभावी असल्याने बापाचा एक वाटाही दाणा पिवळा करायला पुरतो. म्हणजे बी शुद्ध असूनही वाऱ्याने आलेला परका पराग त्याच हंगामात कणसावर दिसतो. आंब्याचे असे नसते. तिथे गर आईचाच.

पण दाण्यातल्या प्रत्येक पेशीत सगळी जनुके असताना अंकुर वेगळा आणि पीठ वेगळे कसे? २००९ साली मक्याची संपूर्ण जनुकसंहिता प्रसिद्ध झाली. त्यात बत्तीस हजारांहून अधिक जनुके मोजली गेली. वही सर्वत्र एकच, पण कोणते पान कधी उघडायचे ते ठरलेले. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. संशोधक परागणानंतर ठरावीक दिवसांनी दाणे काढून त्या त्या वेळी कोणती जनुके कामाला लागली आहेत ते तपासतात. सुरुवातीला पेशींची संख्या वाढते. पुढे पिष्ट आणि झीन नावाची प्रथिने भरू लागतात.

झीनमध्ये लायसिन जवळजवळ नसते, म्हणून नुसत्या मक्यावर माणसाचे पोषण नीट होत नाही. 'ओपेक-२' हे जनुक झीन बनवण्याचा हुकूम सोडते. ते बिघडले की झीन घटते, इतर प्रथिने वाढतात आणि लायसिनही वाढते. हे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९६४ मध्ये कळले. भारतात १९७१ साली 'शक्ती', 'रतन', 'प्रोटिना' हे वाण आलेही. पण दाणा मऊ, वजनाला हलका, कीड लवकर लागणारा. शेतकऱ्याने पाठ फिरवली. मला हे पटते. सत्त्व कितीही असो, काट्यावर वजनच मोजतात. पुढे मेक्सिकोत सुरिंदर वसल आणि एव्हान्जेलिना व्हिलेगास यांनी कठीण दाण्याचा, तरीही सकस मका घडवला; त्याबद्दल २००० साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

रात्री बाबांना फोन केला. पिवळे दाणे शेताच्या कोणत्या बाजूला जास्त होते, एवढेच विचारले.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "पश्चिमेच्या बांधाला. पलीकडे त्या वर्षी पिवळा मका होता खरा." आणि दुकानदाराचा नंबर माझ्याकडे आहे का, ते विचारले.