खिडकी उघडली की कान का धडधडतात?

एक प्रयोग तुम्ही सगळ्यांनी केलेला आहे, फक्त तो प्रयोग आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. चार जणांनी मिळून कॅब केलीय, ड्रायव्हरने मायलेजसाठी एसी बंद ठेवलाय, हायवे चक्क मोकळा मिळालाय आणि मागच्या सीटवरच्या एकाने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली. छान वारा येईल अशी अपेक्षा. आणि येतं काय, तर धप्‌-धप्‌-धप्‌-धप्‌! डोक्यावर हेलिकॉप्टर उतरतंय असं वाटतं, कानाचे पडदे आत-बाहेर व्हायला लागतात आणि पुढचा ओरडतो, "अरे, काच वर कर ना यार!" काच वर गेली की सगळं शांत, आणि विषयही बंद.

इंग्रजीत याला 'विंड बफेटिंग' म्हणतात. (स्पेलिंग तेच असलं तरी लग्नातल्या बुफेशी काही संबंध नाही!) मराठीत मला तरी 'वाऱ्याचे धपाटे' हा शब्द बरोबर वाटतो, कारण पाठीत बसतो तसाच तो कानात बसतो.

ही मुळात स्पोर्ट्स कारवाल्यांची जुनी डोकेदुखी. गाडी बुटकी, आतली जागा लहान, दारांच्या काचा मोठ्या, आणि वर छत उघडायची हौस. त्यामुळे हे धपाटे कमी करणाऱ्या वस्तूंचा परदेशात एक अख्खा बाजारच आहे. काचेच्या पुढच्या कडेला लावायचे प्लास्टिकचे छोटे पंख, सनरूफच्या तोंडाशी उभी राहणारी पट्टी, सीटच्या मागे लावायची जाळी, आणि काय काय. आता यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याकडेही मिळतात. कुर्ल्याला सीएसटी रोडवर चक्कर मारा, नाहीतर भाईंदरमधल्या कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारा. दुकानदार सांगणार, "लावून घ्या, एकदम आवाज बंद!" लावायच्या आधी आवाज नेमका कुठून येतो ते समजून घेतलं तर पैसे वाचतील, म्हणून हा लेख.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की 'हूऽऽ' असा आवाज येतो. बाटलीच्या तोंडाशी असलेली हवा म्हणजे एक वजन, आणि पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. वजन खाली दाबलं की स्प्रिंग ते परत वर फेकते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला, म्हणून याला हेल्महोल्ट्झ रेझोनन्स म्हणतात. व्हायब्रेशन्सच्या पेपरमध्ये स्प्रिंग-मास सिस्टिम येते ना, ती हीच, फक्त हवेची. बाटली जेवढी मोठी तेवढा आवाज खालच्या पट्टीतला. आता अडीच घनमीटर पोटाची आणि पाव चौरस मीटर तोंडाची बाटली कल्पनेत आणा. झाली तुमची कार! फॉर्म्युल्यात हे आकडे टाकले की साधारण २५ हर्ट्झ येतात. खऱ्या गाडीत पत्रा, काचा, दारं थोडी थोडी लवतात, म्हणजे स्प्रिंग आणखी मऊ होते आणि आकडा १५ ते २० च्या आसपास उतरतो.

पण बाटलीत फुंकर कोण मारतं? खिडकीच्या पुढच्या कडेला वाहती हवा पत्रा सोडते आणि तिथे छोटे छोटे भोवरे तयार होतात. हे भोवरे गाडीच्या वेगाच्या साधारण निम्म्या वेगाने खिडकीवरून मागे सरकतात आणि मागच्या कडेवर आपटतात. आपटले की आत दाबाचा एक धक्का जातो, आणि तोच धक्का पुढच्या कडेला नवीन भोवरा सोडायला लावतो. गणित तोंडी करता येतं. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. भोवऱ्याचा वेग त्याच्या निम्मा, म्हणजे १०. खिडकी अर्धा मीटर लांब धरली तर ती पार करायला लागला सेकंदाचा विसावा भाग. म्हणजेच सेकंदाला २० धक्के! गाडीची स्वतःची लय पण तिथेच कुठेतरी. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का देत राहिलं की तो जसा उंच जातो, तसंच हे. म्हणूनच धपाटे ठराविक वेगालाच सुरू होतात. आमच्या खारीतून बाहेर पडून गोल्डन नेस्टपर्यंत ट्रॅफिकमध्ये सरकताना याचा पत्ताच लागत नाही. काशीमीऱ्याला हायवेला लागून वर्सोवा पुलाकडे गाडी सुटली की मग बसतात. वेग बराच वाढवला तर कमीही होतात, पण हा उपाय मी अजिबात सुचवत नाहीये!

आणखी एक गंमत. गाडी जितकी गुळगुळीत आणि जितकी चांगली सील केलेली, तितके धपाटे जोरदार. हवा पत्र्याला चिकटून नीट वाहते, त्यामुळे भोवरे शिस्तीत, एका लयीत सुटतात. आणि फटी नसल्यामुळे आतला दाब गळून जात नाही. पुढच्या खिडकीला त्यामानाने त्रास कमी, कारण तिच्यासमोर साइड मिरर आणि खांब असतात आणि ते हवेची शिस्त आधीच बिघडवून ठेवतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप उघडून बघा. धपाटे बसत असताना कान फुटायची वेळ आलेली असते आणि ॲप आरामात ६५-७० दाखवत असतं. मग ज्याला त्रास होतोय त्यालाच सगळे म्हणतात, "तू ना, नाटकी आहेस." तो नाटकी नाहीये. या ॲपमधला आकडा बहुतेक वेळा 'ए-वेटेड' असतो, म्हणजे माणसाच्या कानाला जे सूर नीट ऐकू येतात त्यांनाच महत्त्व देणारा. २० हर्ट्झला हे वेटिंग तब्बल ५० डेसिबल कापून टाकतं. म्हणजे गाडीत खरोखर ११० डेसिबलचा दाब हलत असेल तरी त्यातले जेमतेम ६० हिशेबात येतात, साध्या गप्पांएवढे. वर मोबाइलचा माइक एवढ्या खालच्या सुरांना मुळातच कच्चा. या धपाट्यांची पातळी शंभरच्या वर सहज जाते. २० हर्ट्झ म्हणजे ऐकू येण्याची खालची हद्द, त्यामुळे आपण ते ऐकण्यापेक्षा अंगावर झेलतो. कान दडपतात, डोकं जड होतं, लांबच्या प्रवासात थकवा येतो. गाडीत तान्हं बाळ असेल आणि काच उघडल्यावर ते रडायला लागलं, तर त्याचं ऐका, ॲपचं ऐकू नका. आणि 'आमच्या व्हायझरने दहा डेसिबल कमी' असं कोणी ॲप दाखवून सांगितलं तर त्याने शिट्टीसारखा आवाज कमी झालेला असू शकतो, धपाटे तसेच.

मग उपाय काय? पहिला उपाय फुकट आहे. तिरक्या समोरची दुसरी काच तीन-चार बोटं खाली करा. बाटलीला दुसरं भोक पडलं की तिची लय बदलते आणि स्प्रिंगमधला दाब गळून जातो. बहुतेक वेळा धपाटे तिथल्या तिथे बंद पडतात. हे एवढं माहीत असलं तरी निम्म्या लोकांना काही विकत घ्यायची गरज पडणार नाही.

दारावरचे ॲक्रिलिकचे व्हायझर आपल्याकडे खरं तर पावसासाठी लावतात, जुलैमध्ये काच बोटभर उघडी ठेवता यावी म्हणून. धपाट्यांवर त्यांचा उपयोग होतो तो पुढच्या कडेमुळे. भोवरे जिथे जन्माला येतात तिथेच हवा थोडी बाहेर ढकलली, तर ते मागच्या कडेवर नेमके आपटत नाहीत. मात्र नुसतं वरच्या कडेला बसणारं व्हायझर असेल तर मागच्या खिडकीसाठी फार आशा ठेवू नका. सनरूफची पट्टी याच तत्त्वावर चालते. काही गाड्यांमध्ये तिच्या जागी जाळी असते किंवा तिच्या कडेला खाचा असतात. एक मोठा शिस्तीचा भोवरा होण्याऐवजी दहा बारीक, बेशिस्त भोवरे व्हावेत म्हणून. म्हणजे वारा थांबवायचा नाहीये, त्याचा ताल बिघडवायचाय.

उघड्या छताच्या स्पोर्ट्स कारचं प्रकरण मात्र वेगळं. तिथे बाटली नाहीच. हवा समोरच्या काचेच्या वरच्या कडेवरून उडते, तिच्या मागे कमी दाबाचा खड्डा तयार होतो, आणि तो भरायला हवा उलटी, म्हणजे मागून पुढे, दोन सीट्सच्या मधून येते. सिनेमात हिरोइनचे केस मागे उडतात ना? खऱ्या गाडीत बरेचदा ते पुढे, तोंडावर येतात! यावर उपाय म्हणजे सीटच्या मागे उभी केलेली जाळी. १९८९ मध्ये मर्सिडीजने आपल्या नव्या एसएलसाठी अशी जाळी आणली आणि पुढे ती जगभरच्या उघड्या गाड्यांमध्ये रुळली. जाळीच का, सरळ पत्रा का नको? कारण पत्र्याच्या कडेवरून परत नवीन भोवरे सुटतात. जाळीतून थोडी हवा झिरपते, जोर मोडतो, आणि आरशातून मागचंही दिसतं. २००४ मध्ये त्याच कंपनीने एसएलकेमध्ये मानेवर गरम हवा सोडणारा 'एअरस्कार्फ' दिला. आपल्याकडे मे महिन्यात ही सोय निसर्गच फुकट देतो.

आपल्याकडे दोन सीटच्या उघड्या गाड्या थोड्याच. सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म नावाची एक होती, ती आता क्वचितच दिसते. पण छत उघडणारी गाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते जीप, आणि आता थार, जी महिंद्रा नाशिकला बनवते. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या थारमध्ये सॉफ्ट टॉप दुमडायचा पर्याय होता. अशा उभ्या काचेच्या गाडीत मागून येणारा वारा असणारच, तो फिजिक्सचा भाग आहे. तिथे व्हायझरवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, जाळीच हवी.

आणि ज्यांना हे सगळं परदेशी खूळ वाटतं त्यांनी प्रीमियर पद्मिनी आठवावी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. शेवटच्या नोंदणीची वीस वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तिच्या पुढच्या दारात कोपऱ्यात एक तिकोनी काच असायची, स्वतःभोवती फिरणारी. ती थोडी तिरकी केली की वारा हवा तिथे वळायचा आणि आतली कोंदट हवा बाहेर ओढली जायची. डिफ्लेक्टरच तो, कंपनीने बसवलेला! एसी आले आणि तिकोनी काच गेली. आता एसी बंद ठेवून आपण तीच वस्तू ॲक्रिलिकमध्ये विकत घेतोय.

बाइकवाल्यांसाठी थोडक्यात. बुटकी विंडशील्ड छातीवरचा वारा काढते, पण तिच्या वरच्या कडेचे भोवरे नेमके हेल्मेटवर सोडते. डोकं हलायला लागतं. शील्ड थोडी वर किंवा खाली घेतली तर फरक पडतो, कधी शील्डच्या खाली फट ठेवल्यानेही. इथला आवाज मात्र वरच्या सुरातला, त्यामुळे तो मोजमापात दिसतो. ताशी ८० च्या आसपास हेल्मेटच्या आत तो ९० डेसिबलच्या वर जातो. ९४ डेसिबलला दिवसाला एक तास ही सुरक्षित मर्यादा मानतात. रोज हायवेने येणाऱ्यांनी फोमचे इअरप्लग वापरून बघायला हरकत नाही. वाऱ्याचा आवाज कापला जातो, हॉर्न ऐकू येतो.

कारसाठी विकत घ्यायच्या आधी एक ट्रायल करा. लोकरीचे पाच-पाच सेंटीमीटरचे धागे खिडकीच्या पुढच्या कडेला सेलोटेपने चिकटवा. चालवणाऱ्याने रस्ता बघायचा, मागे बसलेल्याने धागे बघायचे, आणि हात आतच ठेवायचा. धागे एका तालात फडफडत असतील तर भोवरे तिथूनच सुटतायत. मग जाड पुठ्ठ्याची दोन इंचांची पट्टी तिथे नीट चिकटवून त्याच वेगाला परत बघा. फरक पडला तर व्हायझर घ्या, नाही पडला तर दुसरी काच तीन बोटं उघडा. आणि घेतलंच तर पारदर्शक घ्या, गडद नको. चालवणाऱ्याच्या डोळ्यापासून साइड मिररपर्यंतच्या रेषेत त्याची कड येत असेल तर दुकानातच परत करा.