ओटोस्क्लेरोसिसची शस्त्रक्रिया : ऐकू किती येते?

आजार : रिकीब हे मध्यकर्णातले, शरीरातलेही सर्वांत लहान हाड, उंची जेमतेम 3 मि.मी. तिच्या तळपट्टीभोवती हाड वाढते, रिकीब जखडते, आवाजाची कंपने अंतर्कर्णात नीट पोचत नाहीत.

आधीचे मार्ग : 1938 - ज्युलियस लेम्पर्ट यांनी अंतर्कर्णाला नवी खिडकी पाडली; ऐकण्यात थोडी तूट राहतच असे. 1952 - सॅम्युअल रोझेन यांनी जखडलेली रिकीब हलवून मोकळी केली. अनेकांची पुन्हा जखडली. 1956 - मेम्फिसचे जॉन शे यांनी ती काढून टेफ्लॉनची बसवली. खरे वळण हेच.

आज
- स्टेपिडेक्टमी : तळपट्टी पूर्ण किंवा बरीचशी काढतात.
- स्टेपिडोटॉमी : तळपट्टी जागीच. ड्रिल किंवा लेझरने सुमारे 0.6 ते 0.8 मि.मी.चे छिद्र पाडून त्यात पिस्टन सोडतात. दुसरे टोक ऐरणीच्या हाडाला अडकवतात. भूल स्थानिक असेल, तर टेबलावरच रुग्णाशी हळू बोलून ऐकू येते का ते पाहता येते.

निकाल : हवेतून आणि हाडातून ऐकू येण्यातली तफावत 10 डेसिबलच्या आत आली, की यश मानतात. अनुभवी हातांत ते दहापैकी सुमारे नऊ जणांना मिळते. 500 ते 2000 हर्ट्‌झला दोन्ही पद्धती जवळपास सारख्या. 4000 हर्ट्‌झला, म्हणजे ‘स’, ‘श’ कळण्याच्या पट्टीत, स्टेपिडोटॉमी सरस.

धोका : शंभरात एखादा कान पूर्ण बहिरा होऊ शकतो. म्हणून एका वेळी एकच कान, तोही अधिक बिघडलेला. चक्कर, जिभेच्या चवीत बदल बहुधा तात्पुरते. श्रवण-मज्जातंतूची हानी मात्र कुठल्याच पद्धतीने भरून येत नाही, तिथे श्रवणयंत्र.