सिस्टरांचा नंबर



आयर्लंडमध्ये बाळंतीण बाळाला घेऊन घरी आली की ७२ तासांच्या आत दारावर पब्लिक हेल्थ नर्स येते. माहेर लांब, सासर लांब, अशा वेळी ती बाळाचे वजन करते, आईची चौकशी करते, घाबरू नकोस म्हणते. आपल्याला ती घरचीच वाटू लागते. चहा होतो, आणि ती निघताना आपण हमखास म्हणतो, "सिस्टर, तुमचा मोबाईल नंबर देऊन ठेवता का?" ती हसून आरोग्य केंद्राचा नंबर देते. स्वतःचा देत नाही. दार लावल्यावर आपण म्हणतो, "गोड बोलते, पण परकी ती परकीच."

मूल शाळेत गेले की हाच अनुभव पुन्हा येतो. भारतातल्या बऱ्याच मोठ्या शाळांतून सिक-रूम आणि तिथे बसणाऱ्या सिस्टर असतात. इथल्या सर्वसाधारण शाळेत नर्स नसते. काही विशेष शाळांमध्ये असते, तेवढेच. एरवी शाळेत दिसणारी नर्स ही एच.एस.ई.ची. ज्युनियर इन्फंट्समध्ये बहुतेक ठिकाणी तिचे पथक 'फोर-इन-वन' आणि एम.एम.आर. या लसी द्यायला येते. पुढे सेकंडरीच्या पहिल्या वर्षात एच.पी.व्ही., टीडॅप आणि मेनिन्जायटिसची लस असते. एच.पी.व्ही. २०१० पासून मुलींना आणि २०१९ पासून मुलांनाही मिळते. एका पथकाकडे कितीतरी शाळा असतात. आज ती तुमच्या शाळेत असेल, तर उद्या दुसऱ्याच गावात.

आता थोडे स्वतःचे सांगते, कारण चूक माझ्याच हातून झाली आहे. आपल्यातल्याच एक ताई अशा पथकात नर्स आहेत. मुलगा पाच वर्षांचा असताना एका रात्री त्याला विचित्र खोकला सुरू झाला, कुत्रा भुंकल्यासारखा. मी सव्वानऊला ताईंना मेसेज केला आणि उत्तराची वाट बघत बसले. दहा वाजले, साडेदहा वाजले. डॉक्टरांना फोन करायचे मनात येत होते, पण "ताई सांगतीलच" म्हणून थांबले. अकराच्या पुढे श्वास घेताना आवाज येऊ लागला, तेव्हा आमच्या ह्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि रात्रीच्या डॉक्टर सेवेला लावला. "लगेच घेऊन या," असे उत्तर आले. क्रूप होता. औषध मिळाले, आणि पहाटेपर्यंत मूल शांत झोपले.

ताईंनी मेसेज पाहिला सकाळी सहाला. फोन दुसऱ्या खोलीत होता आणि त्या दिवसभर दमून झोपल्या होत्या. संध्याकाळी घरी आल्या त्या रडवेल्या होऊन. म्हणाल्या, "पोह्यांना बोलवायला रात्री बाराला फोन कर. पण मूल आजारी असेल तर माझी वाट बघत बसू नकोस. तू दोन तास घालवलेस ते माझ्या भरवशावर, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता."

तेव्हा माझ्या लक्षात आले, की नंबर न देणाऱ्या सिस्टर आपल्याला परके करत नसतात. खाजगी फोन कधी बंद असतो, कधी उशीखाली. ती रजेवर गेली तर तिच्या जागी कोणी नसते. आरोग्य केंद्राला फोन केला तर निरोप लिहिला जातो आणि ती नसेल तर दुसरी कोणी बघते. शिवाय नर्सने फोनवर दिलेला सल्ला हा गप्पांतला असला तरी सल्लाच. त्याची जबाबदारी तिच्यावर येते. एन.एम.बी.आय.च्या आचारसंहितेत जबाबदारी, विश्वास आणि गोपनीयता ही तत्त्वेच घालून दिली आहेत. आपल्या मुलाच्या अंगावरच्या पुरळाचा फोटो तिच्या घरच्या फोनमध्ये, तिच्या मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी पडून राहावा, हे आपल्याला तरी आवडेल का?

आणि तिलाही घर आहे. १९९७ च्या कायद्याने इथे कामाच्या दोन दिवसांमध्ये ११ तासांची विश्रांती आणि आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आखली. १ एप्रिल २०२१ पासून 'राईट टू डिसकनेक्ट' ही संहिताही लागू आहे. कामाच्या वेळेनंतर नेहमीच फोन-ईमेलला बांधलेले नसावे, त्यासाठी कोणाला शिक्षा होऊ नये, आणि दुसऱ्याच्या या हक्काचा मान राखावा, असे ती सांगते. ही तिसरी गोष्ट आहे ती कामावरच्या सहकाऱ्यांसाठी, पण आपणही घेण्यासारखी.

मग करायचे काय? फ्रिजवर एक कागद लावा. त्यावर आपल्या जी.पी.चा नंबर, आपल्या भागातल्या रात्रीच्या डॉक्टर सेवेचा नंबर आणि आरोग्य केंद्राचा नंबर लिहा. श्वास अडकणे, ओठ-जीभ सुजणे, मूल शुद्धीत नसणे, यासाठी थेट ११२ किंवा ९९९. कोणी चुकून औषध किंवा फिनेल प्यायले आणि मूल ठीक दिसत असेल तर बोमाँट हॉस्पिटलमधले विषबाधा केंद्र: ०१ ८०९ २१६६, रोज सकाळी ८ ते रात्री १०. ऑगस्ट २०२३ पासून आठ वर्षांखालच्या सर्व मुलांना जी.पी. फुकट आहे, पण त्यासाठी नाव नोंदवून कार्ड घ्यावे लागते. ज्यांनी नोंदवले नसेल त्यांनी याच आठवड्यात उरकावे.

मुलाला दमा, ॲलर्जी किंवा फिट्स असतील तर ते दारात उभे राहून शिक्षिकेच्या कानात सांगू नका. शाळेला लेखी द्या. औषध देण्याची सक्ती शिक्षकांवर करता येत नाही. शाळेच्या बोर्ड ऑफ मॅनेजमेंटकडे अर्ज करून कोण, कधी, किती औषध देणार हे ठरवून घ्यावे लागते. औषधाची मुदत बघायची ती आपणच. लसीच्या संमतीपत्रावर आधीच्या रिअ‍ॅक्शन विचारलेल्या असतात, त्या नीट भरा. काही शंका असेल तर कागदावरच्या नंबरला दिवसा फोन करा.

शेवटी आपल्या मंडळातल्या नर्स बहिणींबद्दल. हळदीकुंकवाला त्या आल्या की आपण वाण हातात देतो आणि लगेच रिपोर्ट पुढे करतो. त्या नाही म्हणत नाहीत, कारण नाही म्हणणे आपल्याकडे उद्धट समजतात. यंदाच्या संक्रांतीला त्यांना तिळगूळ द्या, बसवा, गरम जेवू घाला. रिपोर्ट घरी ठेवा.

ताईंचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे. परवाच केला होता. पुरणपोळीचे कटाचे प्रमाण विचारायला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला.